चोर सोडून संन्याशाला फाशी? विस्कॉन्सिनचा अ‍ॅक्ट १० आतून बघितलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आलाय की २००८ ची मंदी आणली वॉल स्ट्रीटवाल्यांनी, मग दोन-तीन वर्षांत अमेरिकेत सगळा राग शाळामास्तर, नर्स आणि सरकारी क्लार्कवर कसा काय निघाला, रिपब्लिकन लोकांना सरकारी युनियन एवढ्या का खुपतात, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी नाही का. आणि शेवटी एक घरगुती प्रश्न, भाचीला विस्कॉन्सिनच्या राजधानीत, मॅडिसनमध्ये, राज्य सरकारची नोकरी मिळतेय तर तिने युनियनमध्ये जावं का.

मी विस्कॉन्सिनमध्ये राज्य सरकारच्या एका खात्यात सिव्हिल इंजिनियर म्हणून २४ वर्षं काढली, रस्ते, पूल, मोऱ्या, हिवाळा संपला की खड्डे. त्यातली ९ वर्षं युनियनचा स्टुअर्ड होतो. स्टुअर्ड म्हणजे पुढारी वगैरे नाही हो, कुणाला मेमो आला, कुणाचा ओव्हरटाइम खाल्ला, की त्याच्या बाजूने साहेबासमोर जाऊन बसणारा माणूस. त्यामुळे मी तटस्थ नाहीये हे आधीच सांगून टाकतो. पण संन्याशाचीही थोडी चूक होती असं माझं मत आहे, ते पुढे येईलच.

आधी पैशाचं गणित, कारण त्याशिवाय बाकीचं कळत नाही. वॉशिंग्टनचं सरकार तुटीत चालू शकतं, राज्यं नाही चालू शकत, जवळजवळ प्रत्येक राज्याच्या कायद्यातच आहे की बजेट जमलं पाहिजे. मंदी आली की इन्कम टॅक्स आणि सेल्स टॅक्स आटतो आणि नेमकं त्याच वेळी बेकार लोक मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, रांगेत उभे राहतात. ऑक्टोबर २००९ मध्ये देशातली बेकारी १० टक्क्यांवर गेली होती. ओबामाने फेब्रुवारी २००९ मध्ये ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज आणलं, त्यातला बराच पैसा राज्यांना शाळा आणि मेडिकेडसाठी मिळाला आणि त्यावर मास्तरांच्या नोकऱ्या कशाबशा टिकल्या. हा पैसा २०११ मध्ये संपत होता. आणि मधे नोव्हेंबर २०१० ची निवडणूक झाली, टी पार्टीच्या, म्हणजे टॅक्स आणि सरकारी खर्च कमी करा म्हणणाऱ्यांच्या, लाटेत रिपब्लिकनांनी वॉशिंग्टनच्या हाऊसमध्ये ६३ जागा जास्तीच्या घेतल्या आणि विस्कॉन्सिन, ओहायो, मिशिगन अशा जुन्या युनियनच्या राज्यांत गव्हर्नर त्यांचे आले. म्हणजे बघा, खड्डा आणि खड्डा बुजवायला नेमलेला नवा मुकादम दोघं एकाच जानेवारीत हजर झाले. खड्डा खरा होता, पण तो कोणाच्या अंगणातली माती काढून बुजवायचा हे मुकादमाने ठरवलं.

आता युनियनच का. एक आकडा सांगतो जो आमच्या ऑफिसात तेव्हा लोक फुशारकीने सांगायचे आणि खरं तर घाबरायला हवं होतं. २००९ साली अमेरिकेत पहिल्यांदा असं झालं की सरकारी क्षेत्रातले युनियन मेंबर खाजगीपेक्षा जास्त झाले, ७९ लाख विरुद्ध ७४ लाख. खाजगीत तेव्हा १०० कामगारांत जेमतेम ७ जण युनियनमध्ये, सरकारीत ३७. म्हणजे अख्ख्या कामगार चळवळीचा वाडा या एका खांबावर उभा, आणि हाच खांब डेमोक्रॅट पक्षाला निवडणुकीत पैसा आणि दारोदार फिरणारी माणसं पुरवणारा. राजकारण करणाऱ्याला हे दिसत नसेल तर त्याने राजकारण सोडावं.

पण नुसता कावा होता असं म्हणू नका. कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांचा एक मुद्दा बिनबुडाचा नाहीये. ते म्हणतात, फॅक्टरीत मालक आणि कामगार नफ्यावरून भांडतात, सरकारात नफा नसतो, टॅक्स देणाऱ्याचा पैसा असतो, आणि युनियन ज्याला निवडून आणते त्याच्याशीच मग टेबलावर बसून पगार ठरवते, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना तीच. गंमत म्हणजे खुद्द रूझवेल्टने, कामगारांच्या लाडक्या अध्यक्षाने, १९३७ च्या एका पत्रात लिहून ठेवलंय की कलेक्टिव्ह बार्गेनिंग, म्हणजे युनियनने सगळ्यांच्या वतीने मालकाशी पगार आणि अटींची वाटाघाटी करणं, जसंच्या तसं सरकारी नोकरीत आणता येणार नाही. हे आमचा नवा रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर आणि त्याच्या लोकांना तोंडपाठ होतं. आमच्या लोकांना मात्र पाठ होतं ते १९५९, त्या साली गव्हर्नर गेलॉर्ड नेल्सनच्या सहीने विस्कॉन्सिनने देशात सगळ्यात आधी सरकारी नोकरांना बार्गेनिंगचा कायदा दिला. आफ्स्मी, म्हणजे देशातली सरकारी नोकरांची मोठी युनियन, तीही १९३० च्या दशकात मॅडिसनमध्येच जन्मली. त्यामुळे इथे घाव घालणं म्हणजे देवळात जाऊन मूर्तीला हात लावणं होतं, ज्याने घातला त्याला ते पक्कं माहीत होतं.

मी राहायचो जेन्सव्हिलमध्ये, मॅडिसनच्या दक्षिणेला साधारण ४० मैलांवर. तिथे जनरल मोटर्सचा जुना कारखाना होता, तो २००८ च्या डिसेंबरात, ख्रिसमसच्या दोन दिवस आधी, बंद झाला. माझ्या शेजारचा माणूस त्या लाइनवर काम करायचा, स्वतः ऑटो युनियनचा मेंबर, बाप पण तिथेच होता. २०११ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं सकाळी आपापल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढत होतो आणि तो फावड्यावर रेलून मला म्हणाला, तू माणूस चांगला आहेस, तुझ्याबद्दल काही नाही, पण माझा इन्शुरन्स गेला, अर्ध्या पगारावर गोदामात काम करतोय, आणि तुझ्या इन्शुरन्सचा हप्ता माझ्या टॅक्समधून जातो. मी त्याला आकडे सांगायला लागलो, पेन्शन फंड कसा चालतो वगैरे, तो ऐकून घेत होता पण त्याचं फावडं परत सुरू झालं होतं. मंदीमुळे लोक बँकरवर चिडतात हे पुस्तकी झालं, बँकर कुणाच्या गल्लीत राहतो? गल्लीत राहतो तो सरकारी नोकर, ज्याची नोकरी अजून शाबूत आहे.

११ फेब्रुवारी २०११ ला गव्हर्नर स्कॉट वॉकरने बजेट दुरुस्तीचं बिल आणलं. कारण काय सांगितलं, तर चालू वर्षात १३.७ कोटी डॉलरची तूट आणि पुढच्या दोन वर्षांची ३.६ अब्जांची. बिलात दोन गोष्टी होत्या आणि त्या वेगळ्या करून बघितल्या तरच हा प्रश्न सुटतो.

पहिली गोष्ट पैशाची. पेन्शनसाठी पगाराचे ५.८ टक्के आता तुम्ही भरा आणि हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्यातले १२.६ टक्के तुम्ही भरा. त्याआधी पेन्शनचा आमचा वाटाही राज्यच भरायचं, पूर्वीच्या करारांत पगारवाढीऐवजी हे पदरात पाडून घेतलेलं होतं, पण हे शेजाऱ्याला सांगून उपयोग नाही. माझीच स्लिप सांगतो, पगार तेव्हा वर्षाला ६०,००० च्या आसपास, पेन्शनचे गेले ३,४८०, फॅमिली इन्शुरन्स महिना ७८ वरून २०८ झाला म्हणजे वर्षाला १,५६०, एकूण ५,०४०. महिन्याला बरोब्बर ४२० डॉलर. घरी बायकोला आकडा सांगितला तेव्हा ती हसली होती, मराठी माणसाला हा आकडा वेगळा समजवावा लागत नाही. ऑगस्टच्या शेवटी पहिली कापलेली स्लिप हातात आली.

पण, आणि हे फार कमी लोकांना आठवतं, मोठ्या युनियननी एका आठवड्यातच, १८ फेब्रुवारीला, सांगून टाकलं होतं की पैशाचं सगळं मान्य, पूर्ण मान्य, फक्त बार्गेनिंगचा हक्क राहू द्या. वॉकर नाही म्हणाला. तूट भरून निघत होती तरी नाही म्हणाला. तिथे विषय संपला, म्हणजे पैसा हा विषय नव्हता हे कळलं.

दुसरी गोष्ट होती ती हत्याराची. एक, वाटाघाटी फक्त मूळ पगारावर आणि तोही महागाई निर्देशांकापर्यंतच, जास्त हवा असेल तर जनमत घ्या. शिफ्ट, सेफ्टी, ओव्हरटाइम, तक्रार कशी ऐकायची, सगळं टेबलावरून खाली. दुसरं, युनियनची वर्गणी पगारातून कापायला बंदी. तिसरं म्हणजे दरवर्षी युनियनने मतदान घेऊन स्वतःला परत पास करून घ्यायचं आणि त्यात मत देणाऱ्यांच्या नव्हे, युनिटमधल्या, म्हणजे युनियन ज्यांच्या वतीने बोलते त्या, एकूण माणसांच्या ५१ टक्के मतं हवीत, जो घरी झोपला तो विरोधात धरला. ही फूटपट्टी गव्हर्नरला लावली तर कुठलाच गव्हर्नर निवडून येणार नाही. आणि चौथं, पोलीस आणि फायरवाल्यांना या सगळ्यातून सूट. वॉकरने बिल आणायच्या आधी, जानेवारीत, बेलॉइटच्या एका अब्जाधीश देणगीदार बाईंना कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की पहिली पायरी सरकारी युनियनचं बार्गेनिंग, आणि पद्धत फोडा आणि झोडा. तो व्हिडिओ लोकांसमोर आला तो २०१२ मध्ये, तोवर फोडून झालं होतं आणि झोडूनही.

पुढचं नाटक बऱ्याच जणांनी टीव्हीवर बघितलं असेल. राज्याच्या सिनेटमध्ये ३३ जागा, रिपब्लिकन १९, पण पैशाच्या बिलाला २० जण हजर लागतात, म्हणून १४ डेमोक्रॅट सिनेटर राज्य सोडून इलिनॉयमध्ये पळाले, म्हणजे राज्याच्या पोलिसांना त्यांना धरून आणता येऊ नये. पहिला मुक्काम रॉकफर्डच्या हॉटेलात, माझ्या घरापासून हायवेने अर्ध्या-पाऊण तासावर. त्यातला एक सिनेटर आमच्या जेन्सव्हिलचा. इकडे मॅडिसनला कॅपिटलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, संगमरवरी फरशीवर लोक झोपायचे, मी दोन रात्री झोपलो, पाठ आठवडाभर दुखत होती. स्टेट स्ट्रीटवरच्या एका पिझ्झावाल्याकडे जगभरातून फोन यायचे की आंदोलनवाल्यांना आमच्याकडून पिझ्झा द्या, इजिप्तमधून सुद्धा ऑर्डर आली होती. पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते फायरवाले बॅगपाइप वाजवत आत आले तेव्हाचं. त्यांना सूट होती, यायची काही गरज नव्हती, आणि तरी आले. ते आत आल्यावर माझ्या शेजारी उभी असलेली एक नर्सबाई हमसून रडायला लागली. ९ मार्चला सिनेटने बिलातले पैशाचे भाग काढून टाकले, म्हणजे २० ची अट गेली, आणि उरलेलं १८ विरुद्ध १ ने पास केलं. बजेट दुरुस्तीच्या बिलातून बजेट काढलं तरी जे उरलं तेच त्यांना हवं होतं. ११ मार्चला सही, हाच तो अ‍ॅक्ट १०.

फोडा आणि झोडा किती कामाचं असतं हे बघायचं तर ओहायो बघा. तिथे गव्हर्नर केसिकने त्याच मार्चमध्ये तसाच कायदा आणला, फक्त पोलीस आणि फायरवाले पण आत घेतले. एका परीने तो जास्त प्रामाणिक होता म्हणा. युनियननी सह्या गोळा करून जनमत लावलं, नोव्हेंबर २०११ मध्ये ६१ टक्के लोकांनी कायदा फेकून दिला. जाहिरातीत फायरमन उभा केला की मतदार विरघळतो, क्लार्क उभा केला की नाही विरघळत. विस्कॉन्सिनच्या घटनेत असं जनमत लावायची सोय नाही, आमच्याकडे कायदा नाही, माणूस परत बोलवता येतो. आम्ही ९ लाखांच्या वर सह्या जमवल्या आणि ५ जून २०१२ ला निवडणूक झाली, वॉकरला ५३ टक्के, डेमोक्रॅट उमेदवार टॉम बॅरेटला ४६. अमेरिकेत असं परत बोलावलेला आणि तरी टिकलेला तो पहिला गव्हर्नर. आणि युनियनवाल्या घरांतली सुद्धा ३८ टक्के मतं एक्झिट पोलनुसार त्यालाच पडली. माझ्या शेजाऱ्याच्या लॉनवर वॉकरचा बोर्ड होता. रागवायचं कुणावर?

इथे संन्याशाची चूक येते. आम्ही खाजगीतल्या माणसासाठी काही केलंच नव्हतं. कारखाना बंद झाला तेव्हा आमच्या युनियनने एक सहानुभूतीचा ठराव केला, मीच अनुमोदक होतो, आणि पुढच्या विषयाला गेलो, पुढचा विषय पार्किंग होता. शिवाय आमच्या कुणी कधी लोकांना साध्या भाषेत सांगितलं नाही की विस्कॉन्सिनचा पेन्शन फंड आजारी नव्हताच. त्या काळात इलिनॉयकडे वचनांच्या जेमतेम निम्मे पैसे होते कारण तिथल्या सरकारांनी, दोन्ही पक्षांच्या, वर्षानुवर्षं स्वतःचा हिस्सा भरला नाही. आमचा फंड जवळजवळ १०० टक्के भरलेला. आणि त्याची रचना अशी की बाजार पडला की पेन्शनरची आधी मिळालेली वाढ परत कापली जाते, २००९ पासून सलग ५ वर्षं निवृत्त लोकांची पेन्शन अशी कमी होत गेली, माझे जुने साहेब दर एप्रिलला फोन करून शिव्या द्यायचे. आपल्याकडच्या 'एकच मिशन, जुनी पेन्शन'शी लोक याची तुलना करतात ती म्हणून थोडी चुकते, तिथे शेवटच्या पगाराच्या निम्म्याची हमी मागितली जाते, इथे मंदीचा वाटा पेन्शनर आधीच उचलत होता, कुठल्या गव्हर्नरने न सांगता. हे शेजाऱ्याला मी फावडं हातात असताना सांगत होतो, आधीची वीस वर्षं सांगायला हवं होतं.

कायदा झाल्यावर काय झालं ते फार रटाळ आहे आणि म्हणूनच परिणामकारक आहे. पोलिसांच्या काठ्या नाहीत, कुणाला तुरुंगात टाकलं नाही, १९८१ मध्ये रेगनने संपावर गेलेल्या ११ हजारांवर एअर ट्रॅफिक कंट्रोलरना एका फटक्यात घरी बसवलं तसलं काही नाही. नुसती वर्गणी कापणं बंद. मग मी दर महिन्याला टेबलाटेबलावर जाऊन चेक मागायला लागलो, लोक म्हणायचे हो देतो देतो, पुढच्या पगाराला देतो. स्टुअर्डचा भिशीवाला झाला. पहिल्या वर्षी निम्मे उरले असतील. मग बैठक झाली की परत पास व्हायच्या मतदानासाठी अर्ज करायचा का, अर्जाला फी, प्रचाराला खर्च, आणि जिंकून मिळणार काय तर महागाईएवढी पगारवाढ मागायचा हक्क. आम्ही अर्ज केला नाही. १४ जण हजर होते, हात वर करून ठरलं, दिवे घालवून घरी गेलो. राज्यात २०१० मध्ये १०० कामगारांत १४ जण युनियनमध्ये होते, २०१५ पर्यंत ८ राहिले.

नंतर हाच धडा देशभर गिरवला गेला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने जेनस केसमध्ये, इलिनॉयच्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या नावाने, ५ विरुद्ध ४ ने ठरवलं की मेंबर नसलेल्या सरकारी नोकराकडून युनियनला एक पैसाही सक्तीने घेता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये ट्रम्पने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन कितीतरी केंद्रीय खात्यांतलं बार्गेनिंग बंद करायचा आदेश काढला, आणि तिथेही पोलीस आणि फायरवाले बाहेर ठेवले, नुस्खा तोच. उलट बाजूने वेस्ट व्हर्जिनिया आहे, तिथे मास्तरांना बार्गेनिंगचा हक्कही नाही आणि संप बेकायदा, तरी २०१८ मध्ये ५५ च्या ५५ काउंटीतल्या शाळा ९ दिवस बंद ठेवून ५ टक्के वाढ घेतली. म्हणजे कायद्याने युनियन मरते असं नाही, पण कायद्याच्या आधारावर आळशी झालेली मरते. वॉकर २०१८ ला हरला, तोही टोनी एव्हर्सकडून, जो स्वतः शाळामास्तर होता, पण कायदा राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये मॅडिसनच्या एका न्यायाधीशाने त्यातला मोठा भाग रद्द ठरवला आणि बोट नेमकं त्या सूट देण्यावर ठेवलं, की स्टेट ट्रूपरना, म्हणजे राज्याच्या हायवे पोलिसांना, सूट मिळते आणि कॅपिटलच्या पोलिसांना, युनिव्हर्सिटीच्या पोलिसांना मिळत नाही याला तर्क काय. ट्रूपरांच्या संघटनेने २०१० मध्ये वॉकरला पाठिंबा दिला होता, तो तर्क असू शकतो. निकालाला लगेच स्थगिती मिळाली, अपील झालं.

आता भाचीचं. युनियनमध्ये जाऊ दे, पण वाटाघाटीने तिला काही मोठं मिळेल या आशेने नको, नवीन माणसाला जुने नियम सांगणारं कुणीतरी असतं म्हणून जाऊ दे. वर्गणी पगारातून कापली जाणार नाही, स्वतः भरायला लागेल. ओव्हरटाइम, बदली, तक्रार यांचे नियम आता करारात नसतात, कर्मचारी हँडबुकात असतात आणि ते मालक एकतर्फी बदलू शकतो, तेव्हा जॉइन होतानाची प्रत डाउनलोड करून तारीख टाकून ठेवायला सांगा. पेन्शनसाठी तिच्या पगारातून ७ टक्क्यांच्या आसपास जातील. आणि एक महत्त्वाचं, १ जुलै २०११ नंतर लागलेल्यांना ५ वर्षं पूर्ण करावी लागतात, त्याआधी सोडली तर तिने भरलेले पैसे तेवढे परत मिळतात, राज्याने भरलेले नाही. चार वर्षं दहा महिन्यांनी चांगली ऑफर आली तर दोन महिने थांब म्हणावं.